कपाटातले झेब्रे

आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. इतरांच्या घरी अशा कपाटात चांदीची भांडी, परदेशाहून आलेल्या कपबश्या, नाहीतर मुलांनी मिळवलेले करंडक मांडलेले असतात. आमच्या कपाटात झेब्रे आहेत. लहानमोठे मिळून एकेचाळीस. कोणी मखमलीचा, कोणी लोकरीचा, कोणी साध्या सुती कापडाचा. पोटात कापूस, चिंध्या, लाकडाचा भुसा, आणि अलीकडच्या मंडळींच्या पोटात तो कृत्रिम धाग्याचा पांढराशुभ्र कापूस. घरी पहिल्यांदाच येणारा पाहुणा चहाची बशी हातात धरून तिकडे एकदा पाहतो, पुन्हा एकदा पाहतो, आणि शेवटी न राहवून विचारतो, "नातवंडांचे का?" मी "नाही, माझे" म्हणते. मग तो घाईघाईने पावसापाण्याचा विषय काढतो. आमच्या धाराशिवात (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) हा विषय बारा महिने पुरतो.

पहिला झेब्रा तुळजापूरचा. नवरात्रात देवीच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकवाच्या राशी, परड्या, कवड्यांच्या माळा, बांगड्या यांच्या गर्दीत खेळण्यांची दुकानेही असतात. तिथे एका दोरीला शेपटीने उलटा टांगलेला हा प्राणी मला दिसला. त्याची ती अवस्था पाहून मला त्याची कीव आली, आणि मी त्याला सोडवून आणला. नंतर येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत दुसरा मिळाला, सोलापूरच्या बाजारात तिसरा. एकाचे तीन झाले की त्याला संग्रह म्हणतात, आणि संग्रह झाला की नातेवाईक भेटी आणू लागतात. पुण्याहून, हैदराबादेहून, एकदा तर नैरोबीला नोकरीस असलेल्या भाच्याकडूनही झेब्रे आले.

"हे कसले वेड?" असे आमचे हे अधूनमधून म्हणतात. त्यांना मी तेरचे उदाहरण देते. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर, गोरोबाकाकांचे गाव, आमच्याच तालुक्यातले. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू गोळा केल्या. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, मातीचे प्राणी. आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी संग्रहालय उभे आहे, आणि दूरदूरचे विद्वान ते पाहायला येतात. लामतुऱ्यांची आणि माझी बरोबरी नाही, हे मला कळते. पण त्या काचेआडचे ते मातीचे प्राणी पाहताना माझ्या मनात नेहमी एक विचार येतो. ज्या कुंभाराने दोन हजार वर्षांपूर्वी बैल केला, त्याने बैल रोज पाहिला होता. वशिंड कुठे असते हे त्याला कोणी सांगावे लागले नव्हते. माझे झेब्रे करणाऱ्या कारागिरांनी झेब्रा कुठे पाहिला असणार?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे मास्तरीण होते. चुकीच्या उत्तराखाली तांबडी रेघ ओढायची सवय नोकरीबरोबर सुटत नाही. निवृत्तीनंतर मी एकेक झेब्रा टेबलावर घेतला आणि त्याला तपासू लागले. तपासायचे तर बरोबर उत्तर आधी माहीत हवे, म्हणून पुस्तके, चित्रे, प्राणिशास्त्रज्ञांचे लेख जमवले. संग्रहाचा खरा आनंद तिथून सुरू झाला.

खेळण्यातला झेब्रा कापडाच्या ताग्यातून जन्माला येतो. पट्ट्यापट्ट्यांचे मखमली कापड मीटरवर मिळते. त्यावर साचा ठेवायचा, कापायचे, शिवायचे. कात्री जशी फिरेल तसे पट्टे. त्यामुळे माझ्याकडच्या सात झेब्र्यांचे पट्टे मानेपासून शेपटीपर्यंत आडवे धावतात, जुन्या बोलपटांतल्या कैद्यांसारखे. खऱ्या झेब्र्याचे पट्टे मानेवर आणि धडावर उभे, पायांवर आडवे, आणि पुठ्ठ्यावर तिरपे वळत जातात. त्याची आयाळ घोड्यासारखी मानेवर लोळत नाही. ती ब्रशासारखी ताठ उभी असते, आणि गंमत अशी की मानेवरचे पट्टे न तुटता थेट तिच्यात चढतात. शेपूट गाढवाच्या वळणाची, टोकाला झुपका असलेली. हे सगळे बरोबर जमलेले माझ्याकडे एकेचाळिसांत चारच निघाले. उरलेल्यांना मी नापास केलेले नाही, कपाटाच्या खालच्या फळीवर बसवले आहे.

झेब्रा म्हणजे पांढऱ्यावर काळे की काळ्यावर पांढरे, हा वाद मुले हमखास घालतात. केस बाजूला सारून पाहिले तर खालची कातडी सगळीकडे काळपटच असते. जिथे रंगद्रव्य तयार होत नाही तिथला केस पांढरा उगवतो. तेव्हा काळ्याची बाजू वरचढ. शिंगरू जन्मते तेव्हा मात्र त्याचे पट्टे तांबूस-तपकिरी असतात, पुढे गडद होतात. आणि त्याची आई पहिले काही दिवस इतर मादीला त्याच्याजवळ फिरकू देत नाही. शिंगराने आईचे पट्टे, आईचा वास आणि आईचा आवाज पक्का ओळखेपर्यंत ती त्याला आडोशात ठेवते. कारण दोन झेब्र्यांचे पट्टे कधी सारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच ते. आपल्याला सगळा कळप एकसारखा दिसतो. त्यांना आपापले माणूस दुरून ओळखू येते. माणूस म्हणावे की काय म्हणावे, पण तुमच्या ध्यानात आले असेल.

झेब्र्यांच्या जाती आज तीन. सर्वांत जास्त दिसतो तो मैदानी झेब्रा. त्याचे पट्टे रुंद आणि थेट पोटाखालपर्यंत गेलेले. दुसरा डोंगरी, त्याच्या गळ्याखाली आपल्या बैलासारखी छोटी पोळी असते आणि पोट पांढरे. तिसरा ग्रेवी. घोड्यागाढवांच्या रानटी भाऊबंदांत हा सर्वांत मोठा, साडेतीनशे-चारशे किलो वजनाचा. कान मोठे आणि गोल, पट्टे अगदी बारीक आणि दाट, पोट पांढरे. १८८२ साली अबिसीनियाहून असा एक प्राणी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झ्यूल ग्रेवी यांना भेट म्हणून गेला, म्हणून हे नाव. आज केनिया आणि इथिओपिया मिळून ते तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. माझ्या कपाटात ग्रेवी एकच आहे, आणि तोही चुकून झालेला. त्याच्या पोटाला पांढरे कापड आहे, ते बहुधा पट्ट्यांचे कापड संपल्यामुळे. पण कान मोठे, गोल. मी त्याला पूर्ण गुण दिले.

आपल्या देशात झेब्रा आला, त्याला चारशे वर्षे होऊन गेली. १६२१ साली हबसाणातून, म्हणजे अबिसीनियातून, आणलेला एक झेब्रा बादशहा जहांगिराच्या दरबारात हजर करण्यात आला. जहांगिराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की पाहणाऱ्यांना वाटले, कोणीतरी रंगवूनच आणला असावा. नीट तपासल्यावर ही सृष्टिकर्त्याचीच कारागिरी असल्याची खात्री पटली. मग बादशहाने उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढायला सांगितले. हे मन्सूर पशुपक्ष्यांच्या चित्रांत असे तरबेज की त्यांना 'नादिर-उल-अस्र', युगातले आश्चर्य, ही पदवी मिळाली होती. तो झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासाकडे नजराणा म्हणून रवाना झाला. चित्र मात्र राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते आहे. त्याची छापील प्रत माझ्या कपाटाच्या वर टांगलेली आहे. लगामाच्या दोरीने बांधलेला, मान किंचित खाली घातलेला तो प्राणी पाहिला की वाटते, मन्सूरने एकेक पट्टा मोजून काढला असावा. माझी तांबडी शाई तिथे चालत नाही.

हे पट्टे झेब्र्याला दिलेच कशासाठी, यावर शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षे डोके खाजवले. कोणी म्हणाले, संध्याछायेत लपता यावे म्हणून. पण झेब्रा चरतो उघड्या माळावर, आणि लपण्याची त्याला हौसही दिसत नाही. कोणी म्हणाले, सिंहाची नजर चळावी म्हणून. कोणी म्हणाले, अंग थंड राहावे म्हणून. सध्या सर्वांत बळकट पुरावा आहे तो चावणाऱ्या माश्यांच्या बाजूने. आफ्रिकेतल्या माश्या नुसत्या रक्त पीत नाहीत, जिवावरची दुखणी देतात, आणि झेब्र्याचे केस आखूड. २०१९ साली टिम कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये घोड्यांवर एक प्रयोग केला. काही घोड्यांवर काळी झूल, काहींवर पांढरी, आणि काहींवर झेब्र्याच्या पट्ट्यांची. माश्या सगळ्यांभोवती सारख्याच घोंगावल्या. पण पट्ट्यांवर उतरताना त्यांना वेग आवरेना. काही आपटल्या, काही पुढे निघून गेल्या. घोड्यांची तोंडे उघडी होती, त्यांवर मात्र त्या सर्वांच्या सारख्याच बसल्या! त्याच साली जपानी संशोधकांनी काळ्या गाईंच्या अंगावर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढून पाहिले. माश्यांचा उपद्रव जवळजवळ निम्म्यावर आला. या संशोधनाला २०२५ साली ते 'इग नोबेल' म्हणतात ते पारितोषिक मिळाले, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळते ते.

मी हे माहेरी, कळंबकडे, भावाला सांगितले. पोळ्याचा दिवस होता. खांदेमळणी आदल्या संध्याकाळी झालेली, शिंगांना रंग लागलेला, पाठीवर तांबडे-निळे पंजे उमटवणे चालू होते. तो हातातला डबा खाली ठेवून म्हणाला, "आक्का, मग आमी दरसाल रंगवतोच की. पट्टे वडायचं तेवढं ऱ्हायलं." आणि खरोखरच त्याने एका बैलाच्या अंगावर चुन्याचे पाच-सहा पट्टे ओढले. मिरवणुकीत त्या बैलाचीच चर्चा जास्त झाली. माश्यांचे काय झाले ते मोजायला कोणी थांबले नाही. रात्री पाऊस आला.

मुले विचारतात, मग झेब्र्यावर बसता का येत नाही? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात वॉल्टर रॉथ्सचाइल्ड नावाच्या धनिकाने झेब्रे जुंपलेली गाडी बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत नेऊन दाखवली होती. पण ती हौस. झेब्रा चावला तर सोडत नाही आणि लाथ मारली तर चुकत नाही. सिंहाच्या शेजारी संसार केलेल्या प्राण्याकडून घोड्याच्या गरीबपणाची अपेक्षा करू नये.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येते. माझ्या संग्रहात नसलेला आणि कुठल्याच दुकानात न मिळणारा एक झेब्रा आहे. त्याचे नाव क्वागा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांनी त्याच्या ओरडण्यावरून हे नाव ठेवले. जोरात म्हणून पाहा, 'क्वा-हा-हा', झेब्रा असाच काहीसा भुंकतो. डोके, मान आणि खांदे पट्ट्यांचे. तिथून मागे पट्टे फिके होत होत नाहीसे होतात आणि उरते नुसते तपकिरी अंग. पाय आणि पोट पांढरे. जणू रंगाऱ्याची शाई अर्ध्यावर संपली.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना हजारोंनी मारले. मेंढ्यांचे गवत खातात म्हणून मारले, कातडीसाठी मारले. त्या कातडीची धान्याची पोती शिवत. आणि यात एका शब्दाने मोठा घात केला. ते लोक पट्टेवाल्या कुठल्याही प्राण्याला 'क्वागा' म्हणत. त्यामुळे खरा क्वागा संपत आला तरी कानावर नाव येतच होते: तिकडे क्वागा दिसले, अमुक ठिकाणी क्वागांचा कळप आहे. ते सारे साधे झेब्रे होते. ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८६७ पासून क्वागाची एक मादी होती. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ती मेली. जगातली ती शेवटची आहे, हे त्या दिवशी कोणालाही ठाऊक नव्हते.

जिवंत क्वागाचे फोटो एकाच प्राण्याचे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीचे. ती एका भिंतीपुढे उभी आहे. पेंढा भरून ठेवलेल्या क्वागाच्या कातड्या जगभरच्या संग्रहालयांत मिळून २३. म्हणजे त्याही खेळण्यांसारख्याच. आत भुसा, डोळे काचेचे. त्यांतले एक शिंगरू केपटाउनच्या संग्रहालयात आहे. तिथे राइनहोल्ड राऊ नावाचे गृहस्थ मृत प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरण्याचे काम करीत. १९६९ साली त्यांनी ते शिंगरू पुन्हा नीट भरण्यासाठी उसवले, तेव्हा त्यांना दिसले की आधीच्या कारागिराने काम गबाळेपणाने केले आहे. कातडीला आतून मांसाचे वाळलेले कण तसेच चिकटलेले आहेत. राऊंनी ते जपून ठेवले. पुढे जर्मनीतल्या माइन्झ इथल्या क्वागांचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा तिथलेही नमुने त्यांनी जपले. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी अशाच वाळक्या कणांतून क्वागाचा डीएनए वाचून काढला. नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए वाचण्याची ती जगातली पहिलीच वेळ. निष्कर्ष असा, की क्वागा ही वेगळी जात नव्हे. तो मैदानी झेब्र्याचाच सख्खा भाऊबंद. १९८७ पासून राऊ आणि त्यांच्या सोबत्यांनी मागच्या अंगावर कमी पट्टे असलेले मैदानी झेब्रे निवडून त्यांची पैदास सुरू केली. राऊ २००६ साली वारले. आज त्या कळपात दिसायला क्वागासारखे प्राणी आहेत. मला स्वतःला त्याचे कौतुक आहे, पण तो क्वागा नव्हे. बाळंत्यातल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवले म्हणून आजोबा परत येत नाहीत.

वेळीच लक्ष गेले तर काय होते, त्याचेही उदाहरण त्याच देशात आहे. डोंगरी झेब्रा अगदी थोडका उरला असताना १९३७ साली त्याच्यासाठी क्रॅडॉक गावाजवळ राखीव उद्यान केले. ते पहिले मोजके प्राणी पुढे टिकले नाहीत. १९५० साली शेजारच्या एका शेतकऱ्याने आपल्या रानातले अकरा झेब्रे दिले. त्यांचा वंश वाढला, आणि आज तिकडे डोंगरी झेब्रे हजारांत मोजतात.

आमच्या जिल्ह्यातही मध्यंतरी पट्टे मोजण्याची वेळ आली. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. श्रावणात लोक रामलिंगाच्या दर्शनाला आणि माकडांना चुरमुरे घालायला जातात. जटायू इथेच पडला अशी कथा सांगतात. क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. आमच्या आजीपणजीच्या गोष्टीत वाघ होता, आमच्या पिढीला तो फक्त देवीच्या तसबिरीत. वनखात्याच्या लोकांनी फोटोतले पट्टे जुळवून पाहिले, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. साडेचारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून, रस्ते, शेते, लोहमार्ग ओलांडून तो एकटा इथवर आला होता. त्याने गुरे मारली. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी हातात कुऱ्हाड घेऊन निघू लागला. २०२५ च्या सुरुवातीस त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे प्रयत्न झाले; तो हाती लागला नाही. आमच्या भागात त्याच्याविषयी दोन तट पडले आणि माझ्या माहेरच्या घरातही पडले. भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचा झेब्रा बरा, कापसाचा हाय."

तिचे खोटे नाही. तिची गाभण म्हैस गोठ्यात होती. पण वर्तमानपत्रात तो फोटो आला, तेव्हा मी भिंग घेऊन त्याच्या बरगडीवरचे पट्टे पाहत बसले. एवढ्या मोठ्या राज्यात हा वाघ नेमका कोणता, हे त्या काळ्या रेघांनी सांगितले होते.

यंदा दिवाळीच्या आधी मी क्वागा शिवायला घेतला आहे. विकत मिळत नाही, तर काय करणार? अंगासाठी ह्यांचा जुना तपकिरी खादीचा सदरा, पोटापायांना धोतराचे कापड, आत घरचा पिंजलेला कापूस. लंडनच्या मादीचा फोटो आणि केपटाउनच्या शिंगराचा फोटो, दोन्ही मशीनशेजारी टाचून ठेवले आहेत. डोके, मान सोपी गेली. अडले ते खांद्यापाशी. पट्टा एकदम थांबवला तर कापड संपल्यासारखे दिसते, आणि पुढे नेला तर तो साधा झेब्रा होतो. शेवटी मशीन बाजूला ठेवून हाताने टाके घातले. खांद्यामागचे पहिले दोन पट्टे गडद तपकिरी धाग्याने, तिसरा बदामी, चौथा सदऱ्याच्याच रंगाच्या धाग्याने, उजेडात धरला तरच दिसणारा. त्याच्यामागे नुसता सदरा. शेपूट अजून लावायची आहे.